ही परंपरा पुढे कोण चालविणार?

आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच दिवशी कलकत्त्यातील एका साध्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर व्यंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाचे रहस्य उमगले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. शाळांतून प्रदर्शने भरतात, मंत्री भाषणे करतात, मुले पुठ्ठ्याचे ज्वालामुखी पेटवितात, आणि सायंकाळी सारे घरी परततात. परंतु याच तारखेस, १९४१ साली, परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालयाचे दार उघडले, याची आठवण आम्हां मुंबईकरांनाही क्वचितच असते. विज्ञान आणि शुश्रूषा या दोहोंचा असा एका दिवशी योग जुळून यावा हा निव्वळ योगायोग खरा. पण त्यातून जो विचार सुचतो तो मात्र वर्षभर विसरता येण्याजोगा नाही.

या रुग्णालयाच्या मुळाशी एक घरगुती दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निवर्तल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. पण जाण्यापूर्वी पत्नीच्या स्मरणार्थ त्यांनी एक न्यास स्थापिला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कोणत्याही देशाच्या शास्त्रज्ञांना शिष्यवृत्त्या देण्यासाठी राखून ठेवला. ज्या रोगावर त्या काळी जगात कोठेही औषध नव्हते, त्या रोगावर औषध शोधू पाहणाऱ्या माणसांना पोसावे, ही दृष्टी एका भारतीय उद्योगपतीला नव्वद वर्षांहून अधिक काळापूर्वी सुचली होती. आज औषधे आहेत, रुग्णालये आहेत, सरकारी योजना आहेत. पण ती माणसे घडविण्याची दृष्टी आमच्याजवळ शिल्लक आहे काय, हा प्रश्न आज पहिल्या पानावर विचारणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रश्न मुलांच्या कर्करोगाचा आहे. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातील अशा नव्या रुग्णांची संख्या वर्षाला ५० ते ७५ हजारांच्या घरात असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. संपन्न देशांत या मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक बरी होतात. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या पुष्कळ देशांत हे प्रमाण शेकडा ३० लाही पोहोचत नाही. रोग तोच, औषधेही बहुतांशी तीच, आणि तरीही मूल कोठे जन्मले यावर ते जगणार की नाही हे ठरते. २०३० सालापर्यंत निदान शेकडा ६० मुले वाचावीत असा संकल्प जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सोडला. ते वर्ष आता दाराशी येऊन ठेपले आहे.

मुलांचा कर्करोग हा मोठ्यांच्या कर्करोगाची लहान आवृत्ती नव्हे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्यात तंबाखूचा दोष नसतो, मद्याचा नसतो, आयुष्यभराच्या सवयींचा नसतो. वाढत्या शरीरातील पेशींचाच काही मूलभूत हिशेब चुकतो आणि रोग उद्भवतो. म्हणूनच ‘हे करू नका, ते टाळा’ असा उपदेश करून तो थांबविता येत नाही. तो वेळीच ओळखणे आणि नीट बरा करणे, एवढेच मानवाच्या हाती आहे. आणि बरा करण्याची विद्या ही संशोधनातूनच येते, दुसरीकडून नव्हे.

ती विद्या कशी आली याची कथा मुंबईपासून सुरू होते, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९२८ साली लुसी विल्स नावाची एक इंग्रज विदुषी येथे आली आणि गिरण्यांतून काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगाचा तिने अभ्यास केला. हाफकिन संस्थेत राहून तिने सिद्ध केले, की यीस्टच्या अर्कात असे काही द्रव्य आहे की ज्याने या स्त्रियांचे रक्त सुधारते. ते द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. बोस्टनचे बालरोग-विकृतितज्ज्ञ सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलांना देऊन पाहिले, तेव्हा रोग उलट बळावल्यासारखा दिसला. सामान्य माणूस तेथे हताश झाला असता. फार्बर यांनी विचार केला, की जे दिल्याने रोग वाढतो ते तोडले तर रोग हटेल. फॉलिक आम्लाला रोखणारी औषधे त्या वेळी अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत तयार होत होती, आणि त्या संशोधनाचे सूत्रधार होते आंध्रातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ साली फार्बर यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात १६ मुलांची हकिकत आहे. त्यांपैकी १० मुलांचा रोग काही काळ मागे हटला. तो पुन्हा उलटला, हे खरे. पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे सरतो हे तेथे जगाने प्रथमच पाहिले. सुब्बाराव त्याच वर्षी वारले.

पुढची पायरी आणखी वीस वर्षांची आहे. न्यूयॉर्कच्या गरट्रूड एलियन यांना पदवीनंतर शिष्यवृत्ती नाकारली गेली. तेव्हा त्या दिवसा शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकवीत आणि रात्री व सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेत काम करीत. त्यांच्या हातून निघालेले मरकॅप्टोप्युरीन हे औषध १९५३ पासून वापरात आले आणि आजही रक्ताच्या कर्करोगाची बहुतेक मुले ते घेतात. आमच्या अंगणातील सदाफुलीतून व्हिनक्रिस्टीन निघाले. ही औषधे एकेकटी देऊन भागत नाही, ती एकत्र आणि ठरावीक क्रमाने दिली पाहिजेत, हे सिद्ध करण्यात १९६० चे दशक गेले. त्या दशकाच्या अखेरीस मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी या रोगाची निम्मी मुले कायमची बरी करून दाखविली. आज प्रगत देशांत हे प्रमाण शेकडा ९० च्या आसपास आहे. विल्सबाईंच्या यीस्टपासून येथवर नव्वद वर्षे लागली. यात चमत्कार एकही नाही. एकाने ठेवलेल्या कामावरून दुसऱ्याने पुढे चालावे, एवढाच क्रम आहे. हा क्रम तुटतो केव्हा? पैसा संपला म्हणजे तुटतो, पण त्याहून अधिक वेळा पुढचा माणूस तयार नसला म्हणजे तुटतो.

आमच्या देशात हा क्रम सुरूच झाला नाही असे मात्र नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रारंभापासून तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली आणि १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजेच पुढील कमल रणदिवे, तयार झाल्या. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती असे सांगतात. मुलीने जीवशास्त्र निवडले. बाल्टिमोरला जाऊन पेशी शरीराबाहेर वाढविण्याची विद्या त्या शिकल्या, आणि तेथेच न राहता मुंबईस परतून त्यांनी भारतातील ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा मांडली. खानोलकरांनी केवळ एक केंद्र उभे केले असते तर ती एक इमारत झाली असती. त्यांनी माणसे घडविली म्हणून ती संस्था झाली.

तशीच दुसरी घटना १९८४ ची. त्या वेळी आपल्याकडे रक्ताच्या कर्करोगाची शंभरांतील जेमतेम वीस मुले वाचत. मुंबईचे टाटा रुग्णालय, मद्रासची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या तिघांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने उपचारांचा एकच क्रम ठरविला आणि तो कसोशीने पाळून नोंदी ठेवल्या. परिणामी वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण दुप्पट आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक झाले. नवे औषध एकही शोधले गेले नव्हते. उपलब्ध औषधे भारतीय मुलांना, भारतीय परिस्थितीत, कशी द्यावीत याचा शोध लागला होता.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो, आणि तो घेणारे मूर्ख नसतात. ते म्हणतात, ‘आपला देश गरीब. येथे कित्येक मुले रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचली तर उपचार अर्धवट टाकून गावी जातात. असे असता संशोधनाची चैन कशासाठी? संशोधन श्रीमंतांनी करावे, आपण त्याची फळे आणावीत आणि तो पैसा खाटा वाढविण्यात घालावा.’ या आक्षेपात अर्धे सत्य आहे. खाटा हव्याच आहेत. पण ज्यांना संशोधन आणि शुश्रूषा या दोन वेगळ्या वाटा दिसतात, त्यांनी पुढील उदाहरणे नीट पाहावीत.

मरकॅप्टोप्युरीनचाच विचार करा. हे औषध काही मुलांना अजिबात सोसत नाही, त्यांच्या रक्तपेशी धोकादायक रीतीने घटतात. याचे कारण असलेले एक जनुक युरोपीय लोकांत सापडले आणि पुस्तकांत तेच नोंदले गेले. पण आशियातील मुलांत ते क्वचितच आढळे, आणि तरीही औषध सोसेना. मग २०१४ साली कोरियातील संशोधकांनी एनयूडीटी-१५ हे दुसरेच जनुक दाखवून दिले. त्यातील दोष युरोपीयांत विरळा, पण पूर्व आशियात आणि आपल्याकडेही पुष्कळ आढळतो. कोरियातील माणसांनी स्वतःच्या रुग्णांकडे पाहिले नसते, तर आपल्या मुलांना मात्रा ठरविताना आपण परक्यांच्या रक्ताचा ठोकताळा वापरीत राहिलो असतो. परदेशी संशोधनाची फळे आयात करता येतात. परंतु आपल्या मुलांच्या रक्तात काय लिहिले आहे ते वाचण्याचे काम आयात करता येत नाही.

त्याच औषधाचे दुसरे उदाहरण याहून साधे आहे. हे औषध मुलांना दोन-दोन वर्षे घरी द्यावे लागते आणि आपल्याकडे त्याची ५० मिलिग्रॅमची गोळी मिळे. तीन वर्षांच्या मुलाला पाव गोळी, पाऊण गोळी देण्यासाठी आई ती सुरीने तोडी, पाण्यात कुसकरी. कधी मात्रा कमी पडे, कधी अधिक होई. औषध कमी पडले तर रोग उलटतो, अधिक झाले तर रक्त घटते. टाटा रुग्णालय आणि खारघर येथील त्याचे संशोधन केंद्र यांनी बंगळूरच्या एका औषध कंपनीसमवेत या औषधाचे पातळ रूप तयार केले आणि २०२३ साली ते बाजारात आले. आता आई मापाच्या पिचकारीने बरोबर मात्रा भरते. आईच्या हातातील सुरी ज्याला खटकली आणि खटकल्यावर जो स्वस्थ बसला नाही, तो संशोधक. ही चैन आहे असे कोण म्हणेल?

उपचार अर्धवट सोडणाऱ्या मुलांची गोष्टही अशीच. एके काळी टाटा रुग्णालयातील शेकडा २० च्या घरात मुले मध्येच नाहीशी होत. ती का जातात हे कोणीतरी मोजले, विचारले, लिहून काढले. भाड्याची खोली, बापाची बुडालेली मजुरी, गावाकडे राहिलेली धाकटी भावंडे, ही कारणे पुढे आली. त्यांवर निवास, मदत आणि समाजसेविकांचे लक्ष असे उपाय योजिले, आणि ते प्रमाण ५ च्या खाली आले. एकाही परीक्षानळीवाचून हे घडले, तरी तेही संशोधनच होय.

आणि खर्चिक म्हणून ज्याची भीती वाटते त्या संशोधनाचेही उदाहरण घ्या. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना शिकवून कर्करोगावर सोडण्याची कार-टी ही उपचारपद्धती अमेरिकेत २०१७ साली मंजूर झाली, तेव्हा तिची किंमत कोट्यवधी रुपयांची होती. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा मेमोरियल केंद्र यांनी ती येथेच विकसित केली, २०२३ साली तिला मान्यता मिळाली, आणि खर्च परदेशाच्या मानाने कितीतरी खाली आला. ती मान्यता मात्र १५ वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी मिळाली. त्याहून लहान मुलांसाठीचे काम कोणीतरी तडीस नेले पाहिजे. ते कोण नेणार?

प्रश्न येथे येऊन थांबतो. मुलांच्या कर्करोगाची बाजारपेठ लहान आहे. औषध कंपन्यांना तीत रस नाही. अमेरिकेत मोठ्यांसाठी निघालेली काही औषधे मुलांवरही तपासून पाहण्याची सक्ती करणारा कायदा २०१७ साली करावा लागला, यावरून काय ते समजावे. बाजार जे करीत नाही ते समाजाने आणि शासनाने करावयाचे असते. आणि आमच्याकडे तर या क्षेत्राकडे वळणाऱ्या तरुणाच्या वाटेत काटेच अधिक आहेत. बालकर्करोगतज्ज्ञाचे शिक्षण पुरे होईपर्यंत माणूस तिशी ओलांडतो. त्यानंतर बाह्यरुग्ण विभागातील गर्दी त्याचा दिवस खाऊन टाकते. प्रयोगशाळेतील संशोधक विद्यार्थ्याला रुग्ण दिसत नाही आणि रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला प्रयोगशाळा दिसत नाही. शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने थकते, आणि थकलेल्या शिष्यवृत्तीवर भाड्याच्या खोलीत राहून पाच वर्षे काढणाऱ्या हुशार मुलाला परदेशाचे किंवा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचे बोलावणे आले तर त्याला देशभक्तीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे?

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. आठवीच्या वर्गातील एक मुलगा आज आठवतो. गणितात तरबेज, खो-खोत चपळ. त्याचा गुडघा दुखू लागला, सुजला. कोणी म्हटले लचकला, कोणी म्हटले वाढीच्या वयातले दुखणे. आम्हीही त्याला मैदानाबाहेर सावलीत बसविले आणि बाम लावावयास सांगितले. चार महिन्यांनी निदान झाले ते हाडाच्या कर्करोगाचे, आणि तोवर रोग फुप्फुसांत शिरला होता. वर्ष संपण्यापूर्वी त्याचे नाव पटावरून कमी करावे लागले. ती तांबड्या शाईची रेघ आमच्याच हातची. आम्हांला तेव्हा माहीत नव्हते, हे समर्थन होऊ शकत नाही; शिक्षकाला माहीत असावयास हवे होते. त्या रोगासाठी त्या काळीही औषधे होती. नव्हते ते वेळीच शंका घेणारे मन. अशी मने शाळेपासून घडवावी लागतात.

म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर केवळ परळला आणि खारघरला नाही. आमच्या मते निदान चार गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. पहिली, संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती पगाराप्रमाणे दरमहा ठरल्या दिवशी मिळाली पाहिजे. ज्या शासनाला हे साधत नाही त्याने विज्ञान दिनाची भाषणे करू नयेत. दुसरी, प्रत्येक मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात काही तरुण डॉक्टरांना आठवड्याचे निदान दोन दिवस संशोधनासाठी मोकळे ठेवून त्यांची जबाबदारी जाणत्या मार्गदर्शकावर सोपविली पाहिजे. तिसरी, प्रत्येक मुलाच्या रोगाची, उपचाराची आणि परिणामाची नोंद एकसारख्या पद्धतीने झाली पाहिजे. मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाच्या अवघ्या ४८ रुग्णांच्या नोंदी समोर ठेवून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली असा सिद्धान्त मांडला, की जनुकावर दोन आघात झाले म्हणजे हा रोग जडतो. मोठ्यांच्या कर्करोगाचे शास्त्रही त्याने बदलून टाकले. तेथे यंत्रे नव्हती; नीट ठेवलेल्या नोंदी आणि हिशेब जाणणारे डोके होते. आमच्या रुग्णालयांतील कपाटांत असे किती सिद्धान्त धूळ खात पडले असतील? चौथी, नोंदी ठेवणारे, संख्याशास्त्र जाणणारे, संशोधनात भाग घेणाऱ्या परिचारिका, या सर्वांना कायम पदे आणि प्रतिष्ठा मिळाली पाहिजे. संशोधन एकट्या शास्त्रज्ञाच्या बुद्धीवर चालत नाही, हे १९८४ ने दाखविले आहे.

आणि एक गोष्ट शासनाची नव्हे, आमच्या वाचकांची आहे. ज्या मध्यमवर्गाने खानोलकर आणि रणदिवे दिले, तोच मध्यमवर्ग आज मूलभूत विज्ञानाकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला ‘त्यात पुढे काय?’ असे विचारून गप्प करतो. प्रवेशपरीक्षेत डॉक्टरकीची जागा हुकली म्हणून नाइलाजाने जीवशास्त्राकडे वळलेला विद्यार्थी आणि जीवशास्त्र हवे म्हणून डॉक्टरकी नाकारणारी कमल समर्थ, यांत जो फरक आहे तो घरातून पडतो. या वर्षी आपल्या घरातील एखादे मूल ‘मला संशोधन करावयाचे आहे’ असे म्हणाले, तर त्याला लगेच पगाराचा आकडा विचारू नये, एवढी विनंती आम्ही करतो. ज्यांच्याजवळ देण्याजोगे आहे त्यांनी रुग्णालयाला यंत्र भेट देऊन त्यावर नाव कोरावे, यात वावगे काही नाही. पण एखाद्या तरुण संशोधकाचा पाच वर्षांचा खर्च उचलणे हे त्याहून मोठे दान आहे. दोराबजी टाटांनी तेच केले होते.

रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाला आज परळच्या फाटकातून आत नेणारी आई सुब्बाराव कोण हे जाणत नाही, आणि तिने जाणण्याचे कारणही नाही. तिला आपले मूल बरे होऊन परत घरी न्यावयाचे आहे. तिचे मूल वाचण्याची जी आशा आज आहे ती पूर्वीच्या पिढीने केलेल्या कामाची आहे. आणखी वीस वर्षांनी त्याच फाटकातून येणाऱ्या आईसाठी आज काम कोण करीत आहे, आणि त्याला या महिन्याची शिष्यवृत्ती मिळाली आहे काय, याची चौकशी करणे हे आपले काम आहे. विज्ञान दिनाच्या दिवशी याहून योग्य असे काम आम्हांस तरी दुसरे दिसत नाही.